लॉगिनला हो म्हणणारा फोन

“हें काम तिका दी. नवी व्हंकल, उलयना. लोक तिच्यार तापचे नात.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं, माझ्याबद्दल होतं. मी स्टोअरच्या फळीमागे प्रिंटरचा टोनर शोधत होते. बोलणारे आमचे प्लांट मॅनेजर गावकरसर, ऐकणाऱ्या एचआरच्या शिल्पामॅडम. नवी नवरी आहे, बोलत नाही, लोक तिच्यावर तापणार नाहीत. मी दोन पानी बायोडेटा दिला होता. सरांनी तो एका ओळीत बसवला. ते दोघं जाईपर्यंत मी टोनर पोटाशी धरून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा काम माझं झालेलं होतं.

तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते आणि नोकरीला सात आठवडे. माहेर पेडण्याकडचं, सासर डिचोलीत. घरात साखरेचा डबा कुठला आणि ऑफिसात कुठली केबल कुठे जाते, हे मी एकाच वेळी शिकत होते, आणि दोन्हीकडे फार विचारायची चोरी. पण गप्प बसणाऱ्या माणसासमोर लोक मोकळे बोलतात. त्यामुळे किस्से आपोआप साठतात, पावसाळ्यात सोप्यावर छत्र्या साठतात तसे. कुठली कोणाची ते पुढे कळेनासं होतं, पण टाकवत एकही नाही.

काम काय होतं ते आधी सांगते. आमची कंपनी औषधांच्या गोळ्यांसाठी पुठ्ठ्याचे खोके बनवते. कुठल्या यंत्रावर कोण, कुठली ऑर्डर कधी, रजेवर कोण, हे सगळं एका सॉफ्टवेअरवर चालतं. त्याला आम्ही प्लॅनर म्हणतो. आजवर ज्याचा त्याचा पासवर्ड असे आणि तो बहुधा स्क्रीनच्याच कडेला चिकटवलेला असे. वरच्या ऑफिसने ठरवलं की हे पुरे. आता कंपनीची सगळी माणसं एकाच यादीत असणार, आणि ती यादी इथे नाही, क्लाउडमध्ये, म्हणजे कुठल्या तरी लांबच्या संगणकांवर. प्लॅनरने स्वतः कोणाला ओळखायचं नाही. त्याने यादीला विचारायचं, हा आपला का? यादी त्या माणसाच्या फोनला विचारणार, लॉगिन करतोय तो तूच का? फोनवर ‘हो’ दाबलं की दार उघडणार.

हे जुळवून द्यायचं काम माझं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

* * *

आमच्याकडे नवं यंत्र आलं की नारळ फुटतो आणि गाऱ्हाणं घातलं जातं. लॉगिन हे यंत्र नव्हे, हे मला कोणाला पटवता आलं नाही. म्हणून एका सोमवारी माझ्या मॉनिटरला हळदकुंकू लागलं.

गाऱ्हाणं घालायचा मान उल्हासबाबांचा. उल्हासबाब म्हणजे आमचे प्लॅनिंगचे माणूस. आमोण्याचे, अंगाने सडसडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कुठला ट्रक कधी भरायचा हे ते सव्वीस वर्षं ठरवत आलेत. आधी फळ्यावर खडूने, मग एक्सेलमध्ये, आता प्लॅनरवर. गेल्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर त्यांची बायको गेली, शशिकला नाव. ऑफिसातले सगळे तेव्हा आमोण्याला जाऊन आले होते. मी नव्हते, मी नंतर आले.

उल्हासबाबांनी मॉनिटरसमोर हात जोडले. “बा देवा म्हाराजा, आज ह्या लेंकरांनी जां काय नवीन लॉगिन घातलां आसा, तां मानून घे.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. पॅकिंगच्या बायका सर्वात मोठ्याने.

“कोण पासवर्ड इसरलो जाल्यार तेका आठवण दी.”

“व्हय म्हाराजा.”

“कोणाची वायट नदर लागली आसत, ती भायल्या भायर धाड.”

“व्हय म्हाराजा.”

गाऱ्हाणं संपलं. लगेच शिल्पामॅडमनी वरच्या ऑफिसचा कागद वाचायला घेतला. “महिनाअखेरपर्यंत ज्याला कंपनीच्या आवारातून फोनवर होकार देऊन लॉगिन करता येणार नाही, त्याचं प्लॅनरवरचं काम काढून घेण्यात येईल.”

“व्हय म्हाराजा,” पॅकिंगच्या बायका लयीतच म्हणून गेल्या.

मोठा हशा पिकला. शिल्पामॅडमही हसल्या. उल्हासबाब नारळाच्या शकलांचे तुकडे करत होते, त्यांनी मान वर केली नाही. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं होती. प्लॅनिंग काढून घेतलं तर उरते गेटवरची खुर्ची. तिथे बसून वहीत ट्रकांचे नंबर लिहायचे. ठरवायचं काहीच नाही, दुसऱ्याने ठरवलेला ट्रक आला की लिहायचा. आमच्याकडे आधी एकजण तिथे बसले होते. सहा महिन्यांत त्यांनी येणंच बंद केलं.

* * *

पहिल्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्यांचं लॉगिन झालं. एकही तक्रार नाही. गावकरसर मला म्हणाले, “बघ, किती सोपें आसलें.” मला थोडा अभिमान वाटला, तो घरी जाऊन सांगायचाही बेत केला.

दुपारी शिल्पामॅडमचा फोन आला. “अगं, हा नमुना-चार कोण? आठ दिवसांची रजा मागतोय. मी नामंजूर केलीय, पण आहे कोण हा?”

प्लॅनर बनवणारे लोक सरावासाठी एक खोटी कंपनी देतात. तिच्यात नमुना-एक, नमुना-दोन अशी माणसं असतात, खोटी यंत्रं असतात, खोट्या ऑर्डरी असतात. यादीतून आत आलेल्या माणसाला कुठल्या दारात नेऊन सोडायचं, तो पत्ता मी चुकीचा घातला होता. अख्खं ऑफिस सकाळपासून त्या खोट्या कंपनीत काम करत होतं. गावकरसरांनी तिथला कामाचा वेग वाढवला होता. नमुना-सातला उशिरा येण्याबद्दल तंबी दिली होती.

कोणी माझ्यावर तापलं नाही. सरांचा अंदाज बरोबर होता.

उल्हासबाब तेवढे चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “बरी कंपनी ती, बाय. सगळे वेळार येतात. कोणाचें बारसें ना, कोणाचो बारावो ना. दोन दीस रावलों आसतों थंय.”

* * *

पॅकिंगला बारा बायका आहेत, बहुतेक मये आणि नार्व्याच्या. हजेरी आणि रजा प्लॅनरवर, म्हणून ऑफिसनंतर त्यांनाही लॉगिन. मी प्रत्येकीकडून फोन नंबर लिहून घेतला. लिहिताना नंबर ओळखीचा वाटला, तरी थांबले नाही. बाराही जणींनी एकच नंबर दिला होता.

तो नंबर संतोषचा. संतोष त्यांची मिनीबस चालवतो. तो सकाळी त्यांना घेऊन येतो, दिवसभर आवारातच असतो आणि संध्याकाळी घेऊन जातो. त्यांच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हती. होकार द्यायला माणूस आवारात हवा, संतोष आवारात आहे.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता बाराजणी लॉगिनला उभ्या राहिल्या. संतोष बस मागे घेत होता. त्याचा फोन वाजायला लागला तो थांबेना. तो बस तशीच तिरकी सोडून माझ्याकडे आला. “म्याडम, माजां लगीन जालां तेवां एकदांच हो म्हटल्लें, ताचेंच अजून निस्तरतां. हांगा दिसाक बारा फावट हो म्हणूंक लायतात.”

मी बायकांना विचारलं, तुमचे स्वतःचे नंबर का नाही दिले? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांच्यातल्या सुनंदाबाय म्हणाल्या, “नंबर माजो आसा बाय, पूण फोन झिलाकडे आसता. तो कॉलेजीक व्हरता.”

तसं सगळ्यांचंच निघालं. कोणाचा फोन मुलाकडे, कोणाचा नवऱ्याकडे. एकीकडे फोन नव्हताच. शेवटी मी त्यांना फोनऐवजी कार्ड दाखवून आत येता येईल अशी सोय केली. वरच्या ऑफिसने पॅकिंगपुरती परवानगी दिली. सुनंदाबायनी नवं कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “हें झिलाक दिवंक नाका मगो?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. हे तुमचंच.

त्यांनी ते ब्लाउजमध्ये ठेवलं.

* * *

यादीत प्रत्येकाचा फोटो असतो. प्लॅनरवर त्या फोटोचा छोटा गोल दिसतो, आणि गावकरसर तो गोल बोटाने ओढून कामावर नेऊन सोडतात. यंत्र तीनवर हा, कटिंगला तो.

गोंदाच्या टाकीची सफाई हे आमच्याकडचं सर्वात नकोसं काम. ते फिरत फिरत सगळ्यांवर यायचं. पण तीन आठवडे चंदगडच्या पाटलावर आलंच नाही. पाटील यंत्रावरचा माणूस, घरापासून लांब, खोली करून राहतो. बाकीचे कुरकुर करायला लागले. मी प्लॅनरची घडी तपासली, त्यात काही बिघाड नव्हता.

पाटलाने आपल्या फोटोच्या जागी गावच्या रवळनाथाचा फोटो लावला होता.

गावकरसर मला म्हणाले, “हांव बोट लायतां, पूण ओडूंक जायना. देवाक गोंदाच्या टांकयेंत कसो घालूं?”

पाटलाला सांगायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मी म्हटलं, पाटीलदादा, स्वतःचा फोटो द्या. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. “देतो की ताई. पर माझ्या तोंडाकडं बघून कुणाचा हात थांबणार हाय? देवाकडं बघून निदान थांबतोय तरी.”

मी फोटो बदलला. पुढच्या सोमवारी पाटील टाकीवर होता.

* * *

हा माझाच.

लग्नात माझं नाव बदललं. आमच्याकडे अजून बदलतात, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून. माहेरी मी रेखा होते, सासरी मयुरी झाले. कागदपत्रं सगळी रेखाची. शिल्पामॅडमनी मात्र मी कामावर यायच्या आधीच यादीत माझं खातं नव्या नावाने उघडून ठेवलं होतं. हौसेने, मला छान वाटावं म्हणून. आणि मी सगळी जुळवाजुळव करताना, सवयीने, प्लॅनरच्या चाव्या, म्हणजे सगळे अधिकार, रेखाच्या नावावर लिहिल्या.

सगळ्यांना आत घेणारी मी, स्वतः लॉगिन करायला गेले. स्क्रीनवर आलं: ‘या नावाची व्यक्ती या संस्थेची सदस्य नाही.’

घरी मला इतक्या स्पष्ट शब्दांत कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाई तर फारच चांगल्या आहेत. पण संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातून “मयुरी” म्हणून हाक मारायच्या तेव्हा मी पहिल्या हाकेला कधी वळले नव्हते. त्यांना वाटायचं, हिला ऐकायला कमी येतं. तसं त्यांनी शेजारी विचारलंही होतं.

नवऱ्याला हा किस्सा सांगितला. प्रसाद हसला. “मग आत कशी गेलीस?”

“दुसऱ्या नावाने,” मी म्हटलं.

तो आणखी हसला. मीही हसले. मग चपात्या लाटायला गेले.

* * *

तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे नीट लागले. लाल राहिलेलं नाव एकच, उल्हासबाबांचं.

म्हणजे ते प्लॅनरवर काम करत होते, पण लॉगिन आवारातून होत नव्हतं. ते सकाळी सातला आमोण्यात घरी लॉगिन करत. मग लॅपटॉप न मिटता, कारण मिटला की लॉगिन जातं, तो तसाच उघडा स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून वीस-पंचवीस मिनिटं हळू चालवत येत. पाऊस असला की त्याच्यावर जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक, आणि त्याखाली स्क्रीनचा उजेड. गेटवरचा माणूस सगळ्यांना सांगायचा, “उल्हासबाब लॅपटॉपाक वारो खावंक हाडटा.” काहीजण मुद्दाम बघायला गेटवर यायचे.

त्यात वरच्या ऑफिसने नियम आवळला. दर सहा तासांनी पुन्हा होकार. मग उल्हासबाब जेवणाच्या सुट्टीत स्कूटर काढून आमोण्याला जायला लागले. जाऊन येऊन तास जायचा. ट्रक भरून उभे, कुठला आधी सोडायचा ते सांगायला माणूस नाही. आणि ते जेवून येत नसत, हे मला त्यांच्या डब्यावरून कळायचं. डबा सकाळी जिथे ठेवलेला, तिथेच संध्याकाळी.

गावकरसरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “उल्हास, तुजो फोन खंय आसा?”

“हो आसा मरे,” उल्हासबाबांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. फोन खिशातच होता.

मी नोंद काढून पाहिली. त्यांच्या खात्याला जोडलेला फोन खिशातला नव्हताच. तिथे नाव होतं, शशिकला.

मी त्या दिवशी चहाचा कप घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. कोणाच्या टेबलाशी आपण होऊन जायची माझी ही पहिलीच वेळ. विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि सांगितलं. इतकं सरळ सांगितलं की मला वाटतं त्यांना आजवर कोणी विचारलं नसावं.

कंपनीच्या मेलला फोनचा होकार लॉकडाऊनच्या दिवसांपासून लागायचा. उल्हासबाबांचा फोन तेव्हा सदा स्कूटरच्या डिकीत. म्हणून त्यांनी बायकोचा नंबर दिला, आणि मेलवरून तोच नव्या यादीत आला होता. “हांव हांगा पासवर्ड घालतालों, आनी थंय ती ‘हो’ दाबताली. जनेलार फोन, हातांत पीठ आसल्यार कोंपरान दाबताली.”

रोज?

“रोज. एकदां आमचें झगडें जालें. इकरा वाजमेरेन तिणें दाबूंक ना. हांवें गावकरसरांक सांगलें, नेटवर्क ना म्हूण.”

अकरा वाजेपर्यंत नेटवर्क नाही, म्हणून ते हसले. मग म्हणाले, फोन अजून तिथेच आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत, चार्जरला लावलेला. सकाळी सातला ते आतल्या खोलीत बसून लॉगिन करतात, फोन वाजतो, स्वयंपाकघरात जाऊन ‘हो’ दाबतात, परत येतात.

मी विचारलं, “तो फोन इथे घेऊन आलात तर?”

“तो घरचो फोन, बाय. तिणें केन्ना उंबऱ्याभायर व्हरूंक ना.”

“आणि नंबर बदलून या फोनचा घातला तर?”

त्यांनी चहा संपवला. कप बशीत उलटा ठेवला, सरळ केला. “बदल. तुका वयल्यांनी विचारप नाका. तुजें काम तूं कर.” आणि मी उठले तेव्हा, “पूण मागीर त्या फोनाक कामच उरचें ना, न्हय?”

* * *

फोन काढून टाकायचं बटण लाल असतं. ते दाबलं की विचारतं, ‘हे उपकरण कायमचं काढून टाकायचं का?’ आणि खाली दोन पर्याय. मी तिथवर नऊ वेळा गेले. उल्हासबाबांनी सांगितलं होतं, बदल. दोन मिनिटांचं काम होतं. महिना संपायला आठ दिवस होते, मग सात, मग पाच.

मी वरच्या ऑफिसला लिहिलं, एका खात्याला दोन फोन चालतील का? जुना राहू दे, नवा जोडू. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. एका खात्याला एकच उपकरण.

त्याच सुमारास मला नोंदीत एक विचित्र गोष्ट दिसली. उल्हासबाबांच्या खात्यावर सकाळी सातची विनंती असायची, तिला होकार असायचा. दुपारी सव्वाची असायची, तिलाही होकार. पण मधे आणखी एक होती, आठ एकतीसची. कधी आठ बत्तीस. तिच्यापुढे ‘उत्तर आलं नाही’. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मागे मागे जात राहिले. प्लॅनरच्या आधी मेलवरही तेच. रविवार सोडून रोज, गेल्या चतुर्थीपर्यंत.

माझीच काहीतरी चूक असणार म्हणून मी तीन दिवस सगळी जुळणी पुन्हा तपासली. पत्ते, चाव्या, वेळा. चूक सापडली नाही. मग चौथ्या दिवशी मी लवकर येऊन जागेवर बसले. माझी जागा त्यांच्या मागे दोन टेबलं सोडून.

उल्हासबाब साडेआठला आले. लॅपटॉप उघडाच टेबलावर ठेवला, त्यात त्यांचं लॉगिन चालू होतं, हिरवं. त्यांनी हेल्मेट खिळ्याला अडकवलं. केसांवरून हात फिरवला. आणि मग बाजूचा जुना संगणक सुरू केला, ज्याची त्यांना काहीच गरज नव्हती. त्याच्यावर नाव घातलं, पासवर्ड घातला. स्क्रीनवर आलं: ‘आपल्या फोनवर विनंती पाठवली आहे. कृपया थांबा.’

ते थांबले. हात मांडीवर ठेवून, स्क्रीनकडे बघत. एक मिनिट असतं ते. ऑफिसात माणसं येत होती, कोणीतरी पंखा लावला, संतोष बाहेर बस लावत होता.

‘उत्तर आलं नाही.’

त्यांनी संगणक बंद केला, लॅपटॉप पुढे ओढला आणि पहिला ट्रक लावायला घेतला.

मी कोणाला काही बोलले नाही. त्यांनाही नाही.

* * *

महिन्याच्या शेवटच्या दिवशी वरच्या ऑफिसची मीटिंग होती. मोठ्या पडद्यावर तिथले सुरक्षेचे साहेब, इकडे टेबलाभोवती गावकरसर, शिल्पामॅडम, मी, आणि बोलावून घेतलेले उल्हासबाब. उल्हासबाब टोकाच्या खुर्चीवर बसले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

साहेबांनी पडद्यावर यादी लावली. सगळी हिरवी, एक लाल. “बाकी काम उत्तम झालंय,” ते म्हणाले. “पण या एका खात्याबद्दल बोलायचंय. नियमात बसत नाही तो वेगळा भाग. मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे.”

त्यांनी आठ एकतीसच्या ओळी पडद्यावर लावल्या. एकाखाली एक. पान सरकवत राहिले, ओळी संपेनात.

“हे बघा. कोणीतरी रोज सकाळी या खात्यात घुसायचा प्रयत्न करतंय. पासवर्ड त्याला माहीत आहे. होकार मिळत नाही, तरी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत. वर्षभर. इतका चिकाटीचा हल्ला मी पाहिलेला नाही.”

गावकरसरांनी उल्हासबाबांकडे पाहिलं. “उल्हास, कोण आसा हो?”

उल्हासबाबांचे दोन्ही हात टेबलावर होते, ते त्यांनी खाली घेतले.

शिल्पामॅडम हळूच म्हणाल्या, “तुमचा पासवर्ड कोणाला दिलाय का, उल्हासबाब?”

त्यांनी मान हलवली. नाही.

“मग आपण धोका नको पत्करायला,” पडद्यावरचे साहेब म्हणाले. “मी हे खातं आत्ताच बंद करतो. जोडलेला फोनही काढून टाकतो. त्यांना दुसरं काही काम असेल तर ते तुम्ही तिकडे बघा. कोणाची हरकत?”

त्यांच्या स्क्रीनवर लाल बटण आलेलं मला दिसत होतं. गावकरसर पेनाचं टोपण लावत-काढत होते. पडद्यावरचा बाण हलला.

टेबलावरचा माइक माझ्याजवळ होता. त्याचा दिवा लागेपर्यंत तो मी सुरू केलाय हे माझ्याही लक्षात आलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, उल्हासबाबांनी सोडून.

“हल्ला नाही तो, सर,” मी म्हटलं. “ते ऑफिसात पोचले की घरी कळवतात.”